बारा महिन्यांची सही

६ एप्रिल १८६२, रविवार
वॉरविक नदीकाठचे खंदक, व्हर्जिनिया

अठरा दिवस उरले. चोवीस तारखेला माझं वर्ष भरतं आणि मी घरी जातो. गेल्या एप्रिलात जॉर्जियात, आमच्या कचेरीच्या पायऱ्यांवर सही केली होती ती बारा महिन्यांसाठी. तेरा नाही, चौदा नाही. कंपनीतल्या निम्म्या लोकांनी नुसत्या फुल्या मारल्या, पण होझिया प्रूइटनं पूर्ण नाव लिहिलं, शाईनं, मास्तरांनी घटवून दिलेल्या अक्षरात. तेव्हा बारा महिने म्हणजे काय हे मला नीट ठाऊक आहे.

नोव्हेंबरात मुलगी झाली. नार्सिसानं तिचं नाव पर्मेलिया ठेवलंय. कुणासारखी दिसते विचारलं तर पत्रात लिहिते, येऊन बघा. आता येतोच म्हणावं!

आमची चूल तिघांची. मी, लम एकल्स आणि टँडीकाका मेब्री. लम माझ्याच गावचा. त्याला लिहिता येत नाही आणि गप्प बसताही येत नाही. टँडीकाका चव्वेचाळिशीचे. पोरं घोडदळात गेली म्हणून हे पायदळात आले. चुलीवर आयशम. हॅदरसॉल म्हणून इथलाच एक शेतकरी आहे, त्याचा हा गुलाम. आम्ही तिघांनी मिळून त्याला भाड्यानं घेतलाय. भाडं अर्थातच हॅदरसॉलला जातं. माणूस कामाचा आहे. किडे पडलेल्या पिठाचीसुद्धा खाण्याजोगी भाकरी करतो आणि जळक्या मक्याची कॉफी अशी उकळतो की डोळे मिटून प्यावी.

समोर नदीपलीकडं यांकी, उत्तरेचं सगळं सैन्य, बसलेत, धड मैलभरही अंतर नाही. अधूनमधून तोफा डागतात. आज एक गोळा आमच्या खंदकात पडला आणि फुटलाच नाही. लम म्हणाला, "यांकींचा मालसुद्धा आपल्या सरकारसारखाच. आवाज मोठा, आत काही नाही."

१२ एप्रिल, शनिवार

आज माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उतरेपर्यंत लिहिणार नव्हतो, पण उतरत नाही, म्हणून लिहितो.

पलीकडच्या शेतावर ताक मिळतं असं कळलं. अर्ध्या मैलावर. निघालो तर आमच्याच रेजिमेंटचा पहारेकरी, मिशीसुद्धा धड फुटली नाही अजून, बंदूक आडवी धरून म्हणतो, "चिठ्ठी कुठाय?"

"कसली चिठ्ठी? मी होझिया प्रूइट. रोज बघतोस मला."

"कॅप्टनच्या सहीची चिठ्ठी. नसेल तर मागं फिरा."

गोरा, मोठा, लग्न झालेला, स्वतःच्या शेतावर नांगर धरणारा माणूस मी! आणि खिशात कागदाचा तुकडा नाही म्हणून मला ताक प्यायला जाता येत नाही? कॅप्टन स्ट्रदरांकडं गेलो. हे व्हर्जिनियाच्या लष्करी शाळेतून शिकून आलेले. नाक नेहमी वर आणि कोटाची सगळी बटणं जागच्या जागी. म्हणाले, "ताकासाठी चिठ्ठी नाही." संपलं.

परत आलो तर चुलीपाशी आयशम उभा. शनिवार ना. त्याची बायको ज्यूडिथ, बारा मैलांवर कॉगहिल म्हणून एकाची पिठाची गिरणी आहे तिथली. तीही कॉगहिलच्याच मालकीची. एक शनिवार आड त्याला सोडायचं असं हॅदरसॉलशी ठरलेलं, आणि त्याची चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडं, कारण अक्षर माझं. रागारागात कागद मांडीवर ठेवला आणि लिहिलं, "आयशम, हॅदरसॉल यांचा, यास कॉगहिलच्या गिरणीपर्यंत जाऊ द्यावे, रविवारी सूर्यास्तापर्यंत परत."

शाई वाळेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "धनी, तुम्हालापण चिठ्ठी लागते?"

"माझी गोष्ट वेगळी आहे," मी म्हटलं.

"हो धनी. वेगळीच आहे."

आणि कागद टोपीत खोचून गेला. पहाऱ्यापुढून गेला, रुबाबात! मी इथं ताकावाचून.

१९ एप्रिल, शनिवार

असा दरोडा मी जन्मात पाहिला नाही.

रिचमंडला बसलेल्या आमच्या दक्षिणेच्या सरकारातल्या शहाण्यांनी कायदा केलाय. अठरा ते पस्तीस वयाचे सगळे तीन वर्षांसाठी सैन्यात. जे आधीच बारा महिन्यांसाठी आले त्यांची मुदत आपोआप वाढवली. आपोआप! मला विचारलं नाही, माझी सही घेतली नाही, जुन्या कागदावर दोन वर्षं आणखी चिकटवली आणि मोकळे झाले. पाच दिवस राहिले होते. फक्त पाच.

संचलनाच्या मैदानावर मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी टोप्या उडवल्या नाहीत. मागून कुणीतरी मेंढरासारखं बें केलं आणि मग सगळी रांगच बें बें करायला लागली. स्ट्रदरांनी चूप म्हटलं तेव्हा थांबलो.

टँडीकाका पस्तिशीपुढचे, त्यांना तीन महिन्यांत सोडणार. ज्या माणसाला राहायचंय त्याला घरी पाठवणार आणि मला, ज्याला जायचंय, त्याला बांधून ठेवणार. याला काय म्हणावं? ज्या सरकारनं सांगितलं की कुणी तुमच्या मर्जीविरुद्ध तुमच्यावर राज्य करू नये म्हणून लढा, तेच सरकार म्हणतं की आता तुझी मर्जी आमच्या खिशात.

मी चुलीपाशी बसून हे सगळं मोठ्यानं बोललो. म्हटलं, माणसाला त्याच्या बायकोपासून, लेकरापासून तोडायचं, जा म्हटलं की जा, राहा म्हटलं की राहा, आणि पळाला तर शिकारी कुत्र्यांसारखे शिपाई मागं लावायचे, हे माणसाचं जिणं आहे का? देवाच्या राज्यात हे चालतं का?

लम म्हणाला, "अगदी बरोबर."  आयशम भाकरी उलटत होता. त्याच्या हातून ती निखाऱ्यात पडली. एवढ्या वर्षांचा सराव, आणि नेमकी माझीच पडली!

२२ एप्रिल, मंगळवार

त्या कायद्यात एक बरी गोष्ट आहे. नव्यानं मांडणी करायची म्हणून प्रत्येक कंपनीनं आपले अधिकारी पुन्हा निवडायचे. मतं टाकून, शिपायांनी. म्हणजे कॅप्टन स्ट्रदर आता आमच्या हातात.

उभा राहिलाय डॅब रकर. आमचाच दुय्यम लेफ्टनंट. घरी दारूची भट्टी आणि घोड्यांचा व्यापार. हसतमुख माणूस, पाठीवर थाप मारल्याशिवाय बोलत नाही. आज दुपारी आमच्या चुलीवर आला, आयशमच्या हातची भाकरी खाल्ली आणि "अरे वा" म्हणाला. मग मला बाजूला घेतलं.

"प्रूइट, पोरीला बघितलंस का अजून?"

"कुठून बघणार?"

"हेच. हेच मला सहन होत नाही. तुझ्यासारखा माणूस, आणि स्वतःच्या लेकराचं तोंड बघितलं नाही. मी कॅप्टन झालो तर पहिली रजा तुझी. तीस दिवस. हा माझा शब्द." आणि मग हळूच, "तुझं अक्षर चांगलं आहे ना? ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मतांच्या चिठ्ठ्या कोण लिहितंय?"

मी म्हटलं, "मीच लिहितो."

"मग झालं," म्हणाला, आणि पाठीवर थाप.

स्ट्रदर मतं मागायला आलेच नाहीत. उलट आज दुप्पट कवायत करून घेतली. असा माणूस निवडून यायला तरी हवा का?

२६ एप्रिल, शनिवार

रकर कॅप्टन झाला! अकरा मतांनी.

मी बावीस जणांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. टोपी फिरली, त्यात टाकल्या. एकवीस जणांना मी आधीच पटवून ठेवलं होतं.

बाविसावं टँडीकाकांचं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "स्ट्रदर लिही. शिव्या घालतो, पण रोज संध्याकाळी आपल्याला मोजतो. रकर मोजणार नाही." आता हा म्हातारा जुलैत घरी जाणार. कॅप्टन कोण याचं त्यांना काय? आणखी दोन वर्षं भोगायची मी. मी रकर लिहिलं. त्यांना वाचता येत नाही. कागद उलटा धरून बघितला आणि मान हलवून टोपीत टाकला.

थोडं खुपतंय. पण अकरा मतांनी आला म्हणजे त्या एका मतानं काहीच फरक पडला नाही, तेव्हा त्यात लबाडी अशी नव्हतीच.

निकाल लागल्यावर स्ट्रदर रांगेसमोर आले, रकरला सलाम ठोकला आणि आमच्याकडं बघून म्हणाले, "गृहस्थहो, तुम्हाला हवं ते तुम्ही मिळवलंत." मग आपली पेटी गाडीवर चढवून निघून गेले. एवढा ताठा! हरल्यावर तरी माणसानं जरा वाकावं.

नार्सिसाला पत्र टाकलं. मका पेरू नकोस, मीच येतो पेरायला.

२९ एप्रिल, मंगळवार

रकर भेटत नाही. भेटला की घाईत असतो. काल म्हणाला उद्या, आज म्हणतो, "वरून सही यायची आहे रे. माझ्याकडून झालंच समज." कोपराला गूळ लावणं म्हणतात ते हेच की काय? पण छे. शब्द दिलाय त्यानं.

नार्सिसाचं पत्र आलं, माझं पोचायच्या आधीच लिहिलेलं. पर्मेलिया उशीचा टेका दिला की बसते. परसातलं खेचर सरकारी माणूस घेऊन गेला, युद्धाला हवं म्हणून. "मी म्हटलं, नवरा तर आधीच नेलात." हे वाचून टँडीकाका इतके हसले की खोकला लागला. मी नाही हसलो. खेचराशिवाय नांगरणी कशी व्हायची?

३० एप्रिल, बुधवार

सकाळी रकरनं सांगितलं की या आठवड्यात कुणालाच रजा नाही. काहीतरी मोठी हालचाल आहे, बहुतेक आपण हे खंदक सोडून मागं सरकणार. मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. म्हणाला, "शब्द दिला होता, तारीख दिली नव्हती."

दिवसभर डोकं सणसणत होतं. आणि अशा वेळी, नेमक्या अशाच वेळी, चार वाजता आयशम येऊन उभा.

"धनी, चिठ्ठी हवी होती."

"आज बुधवार आहे."

"ठाऊक आहे. कॉगहिलधनी सगळी माणसं हलवतायत. यांकी यायच्या आत. तिकडं आत, तंबाखूच्या मुलखात. उद्या दुपारच्या आत गाड्या सुटणार, ज्यूडिथ त्यात आहे. आत्ता निघालो तर रस्त्यानं रात्रीपर्यंत पोचतो. उद्या दुपारी चुलीवर हजर होतो."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"गिरणीची पिठाची गाडी आली होती, तिच्यावरच्या माणसानं." मग म्हणाला, "कुठं नेतायत तेही त्याला ठाऊक नाही, धनी."

खरं सांगायचं तर कागद माझ्या हाताशी होता. दौत उघडी होती. रजेच्या अर्जाचा तिसरा मसुदा लिहीत होतो. चार ओळींचं काम. पण माझ्या डोक्यात एकच आलं, मला माझ्या बायकोकडं जायला मिळत नाही आणि याला मिळावं? सहा महिन्यांच्या लेकीला मी पाहिलं नाही, आणि हा एक शनिवार आड जाऊन येतो! मी म्हटलं, "कुणालाच रजा नाही. तुलाही नाही. सगळ्यांना एकच न्याय."

तो हलला नाही. "धनी, चिठ्ठी नसेल तर रस्त्यावरचे गस्तवाले—"

"म्हणूनच जाऊ नकोस," मी म्हटलं.

 मग भांडी घासायला गेला.

टँडीकाका म्हणाले, "होझिया, द्यायची होतीस रे." मी म्हटलं, तुम्हाला काय, तुम्ही जुलैत घरी. 

१ मे, गुरुवार

आयशम पळाला.

सकाळी उठलो तर चूल थंड, कॉफी नाही, काही नाही. भांडी मात्र घासून पालथी घातलेली. वर्षभर आमच्या चुलीवर जेवला, लमनं त्याला स्वतःचे जुने बूट दिले, मी इतक्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. एकदा नाही म्हटलं तर हे उपकार फेडले! सांगितल्याशिवाय, परवानगीशिवाय! कुणी माणूस असा निघून जाईल का? मी इतके दिवस रजेसाठी झुरतोय. मी पळालो का?

(तसा दोनदा विचार केला होता. पण विचार करणं वेगळं.)

लम म्हणाला, "गेला असेल यांकींकडं. मैलभर तर आहे. नदी ओलांडली की मोकळा." सगळ्यांनी तेच धरलं. मी बोललो नाही, कारण मला ठाऊक होतं तो कुठं गेला असेल. फक्त मलाच ठाऊक होतं. दर वेळी चिठ्ठीवर जागेचं नाव मीच लिहीत होतो ना.

रकरकडं गेलो. हॅदरसॉलचा माणूस तिथं बसलेला, तोंड लाल. भाड्यानं दिलेला माल कंपनीनं हरवला म्हणून आरडाओरडा चाललेला. रकरनं मला बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"प्रूइट! त्याला आणून दे. आणलास की त्याच दिवशी तुझ्या रजेवर सही. तीस दिवस. या गृहस्थांच्या समोर सांगतो."

"तारीख?" मी विचारलं. आता मी शहाणा झालोय.

"आणशील ती तारीख."

चिठ्ठी दिली मला, कॅप्टनच्या सहीची. पहाऱ्यापुढून छाती काढून गेलो. तोच बिनमिशीचा पोरगा. कागद वाचल्यासारखं केलं आणि बाजूला झाला. इतकं बरं वाटलं! हे चार मैलांवरच्या एका गोठ्यात बसून लिहितोय. पर्मेलियाला काय न्यावं याचा विचार करतोय. इथं शिंपल्यांशिवाय काही मिळत नाही.

२ मे, शुक्रवार

सापडला. तीस दिवस! नार्सिसा, पोचलोच मी!

गिरणी बंद, पाणचक्की थांबलेली. मागं गुलामांच्या खोपटांची रांग आहे, सगळी रिकामी. दारं उघडी, आत कुणाचं चिरगूट, कुणाचं फुटकं मडकं. शेवटच्या खोपटाच्या उंबऱ्यावर आयशम बसलेला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, लमनं दिलेल्या बुटांतला एक गायब. मी बंदूक रोखली. त्यानं वर पाहिलं आणि तसाच बसून राहिला.

एक म्हातारी मागं ठेवलेली, चालता येत नाही म्हणून. तिनं सांगितलं, गाड्या काल सकाळी सुटल्या. हा पोचला दुपार टळल्यावर. आता बघा, रस्त्यानं चार-पाच तासांची वाट, आणि हा शहाणा गस्त चुकवत दलदलीतून, झाडीतून आला आणि बारा मैलांना रात्र आणि अर्धा दिवस लावला. सरळ रस्ता सोडून! यांचा आळस असा असतो.

आणि आणखी एक नवल. यांकी मैलभरावर. तिकडं गेला असता तर आम्ही काय करणार होतो? हा बारा मैल उलट्या दिशेला आला, आणि गाड्या गेल्यावरसुद्धा इथंच बसला. कालपासून. मी विचारलं, "कशाची वाट बघत होतास?"

म्हणाला, "कशाची नाही, धनी."

म्हातारी म्हणाली, "तिनं पार वळणापर्यंत मागं बघितलं. गाडीवाल्यानं थांबवलं नाही." तिला कुणी विचारलं होतं?

हात बांधले. वाटेत तो एकदाच बोलला. "चिठ्ठी असती धनी, तर काल दुपारी चुलीवर असतो." मी म्हटलं, झालं गेलं बोलू नये. माझ्याकडची भाकरी अर्धी दिली त्याला. खाल्ली नाही. मग मीच खाल्ली.

४ मे, रविवार
माघारीच्या वाटेवर

खंदक सोडले. काल संध्याकाळी निघालो ते आज दुपारपर्यंत चालतोय. चिखल असा की तोफगाड्या आसापर्यंत रुतल्यात. आयशम आमच्या कंपनीच्या गाडीला दोरीनं बांधून मागं चालतोय. हॅदरसॉलचा माणूस रिचमंडला पुढं गेला, "घेऊन या, पुढचं मी बघतो" म्हणून.

आणि रजा?

काल मी आयशमला नेऊन उभा केला तर रकर म्हणाला, "शाब्बास!" पाठीवर थाप. खिशातून माझा अर्ज काढला, गुडघ्यावर ठेवला, सही केली आणि माझ्या हातात दिला. मी तो छातीशी धरला. तेवढ्यात म्हणतो, "आता एवढंच, की वरचा हुकूम आला आहे. माघार पुरी होईपर्यंत सैन्यातल्या कुणालाच रजा नाही, कुणाच्याही सहीनं नाही."

"कधी आला हुकूम?"

"बुधवारी."

बुधवारी! म्हणजे गुरुवारी मला आयशमच्या मागं पाठवलं तेव्हा त्याला ठाऊक होतं. हसत हसत माझ्या तोंडाला पानं पुसली. मी म्हटलं, तुम्ही खोटं बोललात. तर म्हणतो, "सही देतो म्हटलं होतं, सही दिली. सरकार मानत नाही त्याला मी काय करू? आणि प्रूइट, कॅप्टनशी बोलतोयस हे विसरू नकोस."

कॅप्टन! माझ्या हातच्या बावीस चिठ्ठ्यांनी झालेला कॅप्टन!

आज विश्रांतीला थांबलो तेव्हा कुणी मोजलं नाही. दोघं मागं चिखलात राहिले, ताप भरलेले. कुणाला पत्ताच नव्हता. टँडीकाकांनी विचारलं तेव्हा कळलं. ते माझ्याकडं बघून काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना मताच्या चिठ्ठीचं काही ठाऊक नसावं. नसावंच.

आज कॉफी लमनं केली. थुंकून टाकली.

९ मे, शुक्रवार
रिचमंडच्या अलीकडं

माझ्यासारखा फसवलेला माणूस या सैन्यात दुसरा नसेल.

सकाळी रकरनं बोलावलं. म्हटलं रजेचं असेल. रजेचं नव्हतं. हॅदरसॉलचं शेत यांकींच्या हातात गेलं. आता त्याला आयशम नको, त्याचे पैसे हवेत. रिचमंडच्या बाजारात विकायचा. आमच्या पुरवठ्याची गाडी दुपारी शहरात जाणार होती, तिच्याबरोबर पाठवायचा. सोबत कागद हवा, आणि अक्षर कुणाचं चांगलं? माझं!

लाकडी पेटीवर कागद ठेवला. रकर सांगत गेला, मी लिहीत गेलो. "आयशम, वय सुमारे अठ्ठावीस. अंगानं सुदृढ. स्वयंपाक उत्तम. स्वभावानं गरीब. कधीही पळालेला नाही."

मी लेखणी थांबवली. "हे खोटं आहे."

"लिही."

खोटं लिहायचं, आणि तेही माझ्या अक्षरात! मला फार लागलं ते. माणसाचं अक्षर म्हणजे त्याची अब्रू. पण लिहिलं. काय करणार, हुकूम. रकर सही करून गेला आणि शाई वाळेपर्यंत मी तिथं बसलो. आयशम गाडीच्या चाकाला बांधलेला, माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर.

"धनी," तो म्हणाला, "खाली जागा आहे का?"

"कसली जागा?"

"कागदावर. एक ओळ मावेल?" मग भरभर बोलला, इतकं एका दमात तो वर्षभरात बोलला नव्हता. "त्या म्हातारीनं सांगितलं होतं मला. तुम्ही यायच्या आधी. गाडीवाला बोलताना तिनं ऐकलं, पिट्सिल्वेनिया काउंटी, तिकडं तंबाखूच्या मुलखात. एवढंच लिहा, की बायको ज्यूडिथ, कॉगहिलच्या गिरणीवरची, पिट्सिल्वेनिया काउंटीत नेलीय. घेणारा कुणी त्या बाजूचा असला तर त्याच्या लक्षात येईल. नसला तर नसला. तुमचं अक्षर सगळ्यांना वाचता येतं, धनी."

जागा होती. चांगली तीन बोटं जागा होती.

मी म्हटलं, "सही झालेल्या कागदावर खाली काही लिहिता येत नाही. ती लबाडी होते."

त्यानं मान हलवली. मग विचारलं, "तुमची बाई कुठं आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे ना, धनी?"

"म्हणजे काय! घरी आहे. माझ्या घरी. ती कुठं जाणार?"

"हो," म्हणाला. "बरं आहे."

हे काय बोलणं झालं? मला भेटायला मिळत नाही, आणखी दोन वर्षं मिळणार नाही, सरकारनं माझी सही चोरली, रकरनं शब्द चोरला, माझं खेचर गेलं, माझी पोर मला ओळखणार नाही, आणि हा मलाच म्हणतो बरं आहे! मी ताडकन उठलो आणि कागद गाडीवाल्याच्या हातात कोंबला. गाडी सुटली. आयशम मागून चालत गेला. मी मुद्दाम पाठ केली होती.

लमनं विचारलं, "काय म्हणत होता रे?" मी म्हटलं, काही नाही, उर्मटपणा.

नार्सिसाला पत्र लिहायला बसलोय. दुपारपासून पाच वेळा सुरुवात केली आणि पाच वेळा फाडली. कागद संपत आलाय. माझी चूक काय झाली ते कुणी मला सांगावं. मी फक्त घरी जायला मागत होतो.

बायको ज्यूडिथ. कॉगहिलच्या गिरणीवरची. पिट्सिल्वेनिया काउंटीत नेली.

इथं लिहून ठेवतो. कशासाठी, ते मलाही ठाऊक नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, आणि गाडी दुपारीच गेली.